आजचा काटा किती?

ऐकलंत ते खरं आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला असणारी, चांगल्या घरची, कर्जाचे हप्ते वेळेवर भरणारी, पाहुण्यारावळ्यांत मान असलेली माणसं हल्ली पहाटे साडेपाचला उठतात, अंगावर जेमतेम कपडे ठेवून वजनकाट्यावर चढतात आणि आपल्याच पायांचा फोटो काढून चाळीस-पन्नास जणांना पाठवून देतात. ग्रुपात बायका आहेत, पुरुष आहेत, कुणाचे तरी व्याही आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापकही आहेत. कुणाला काही वाटेनासं झालंय! उलट खाली अंगठ्यांची रांग लागते. आणि आकडा वर गेलेला असला की पहिला प्रश्न: "काल रात्री कुठं गेलतासा?"

कुठं जाणार? सांगावला पाहुण्यांकडं म्हाईचं, म्हणजे गावजत्रेचं, जेवण होतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. तोही त्याच पंगतीला होता. फक्त त्यानं आज फोटो टाकलेला नाही.

पूर्वी माणूस बायकोला पगार सांगत नसे आणि डॉक्टरला दारू. पगार अजूनही गुप्तच आहे. पण कमरेचा घेर, उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि तीन महिन्यांची साखर मात्र भर चौकात मांडलेली. ज्या गृहस्थांनी शेजाऱ्याला गाडी किती मायलेज देते ते कधी खरं सांगितलं नाही, ते गृहस्थ आज स्वतःचं एचबीएवनसी दशांशासकट जाहीर करतात. काय म्हणावं याला?

ज्यांनी ही वसाहत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुणे-बंगळूर महामार्गावरून लक्ष्मी टेकडीपाशी आत वळलं की कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेले कारखाने लागतात. इंजिनं, सूत, उंची शर्टाचं कापड, कास्टिंग. भोवती ऊस. (पंचतारांकित म्हणून कुणी हॉटेल शोधत येऊ नये, आधीही आलेले आहेत.) महामंडळानं इथले रस्ते कंटेनर वळावेत म्हणून रुंद केले. त्या रस्त्यांवर आता पहाटे टी-शर्टातले मॅनेजर हात जोरजोरात हलवत चालतात आणि नाईट करून घरी निघालेला कामगार मोटारसायकल हळू करून त्यांच्याकडं बघतो. त्याच्या नजरेत काय असतं, ते पुढं सांगते.

आता कागल म्हटलं की गट आलाच. या तालुक्याला जिल्हाभर राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात ते उगीच नाही. मंडलिक गट, राजे गट, मुश्रीफ गट. लग्नाची पत्रिका आधी कुणाकडं जायची इथपासून दूध कुठल्या डेअरीला घालायचं इथपर्यंत सगळं गट बघून ठरतं. एवढं शिक्षण झालेली माणसं जेवणाच्या बाबतीत एकमतानं वागतील, ही अपेक्षाच चूक. तेव्हा वजनातही इथं दोन मुख्य गट पडले: दीक्षित गट आणि दिवेकर गट.

दीक्षित गटाचा जाहीरनामा सुटसुटीत आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित हे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली कल्पना त्यांनी गावोगाव नेली. कडकडीत भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, तेव्हाच जेवा, जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवा. मधल्या वेळी पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा चहा. रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ना पावडर, ना फी. सुरुवातीला रक्ताच्या दोन तपासण्या करा आणि रिपोर्ट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. म्हणजे उघडं पडण्याची सवय पहिल्याच दिवशी लागते. २०१८च्या अखेरीस राज्य सरकारनं डॉक्टरांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहरा केलं आणि मग विचारूच नका.

कारण पलीकडून ऋजुता दिवेकरांचा गट उभा होता. २००८च्या 'टशन'साठी करीना कपूर जी वाळली, तिच्या आहाराची वही यांच्याकडं. त्यांचं म्हणणं अगदी उलट: उपाशी कशाला राहता, थोडं थोडं दर दोन तासांनी खा, तूप खा, भात खा, केळं खा, आजी खायची ते खा. त्या मोहिमेच्या वर्षी महाराष्ट्रात या दोन मतांवरून जेवढी भांडणं झाली तेवढी पाणीवाटपावरून झाली नसतील. घरोघरी सासू दिवेकर गटाची, सून दीक्षित गटाची, आणि स्वयंपाकघर आघाडी सरकारसारखं चाललेलं.

एमआयडीसीनं यातून स्वतःचा मार्ग काढला. दिवसा दीक्षित, रात्री दिवेकर आणि रविवारी अपक्ष. रविवारी तांबडा-पांढरा असतो ना! त्या दिवशी पंचावन्न मिनिटं कुकरची शिट्टी झाल्यापासून मोजायची की पहिला घास घेतल्यापासून, यावर एका ग्रुपात दुपारचे तीन वाजेपर्यंत चर्चा चालली. तोवर जेवणं दोनदा झाली होती.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती कुठल्याच गटाच्या जाहीरनाम्यात नाही. कडकडीत भूक कधी लागते ते ओळखा म्हणतात. पण इथं दर आठवड्याला पाळी बदलते. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाईट. भूक बिचारी ओळखू येईपर्यंत शनिवारी तिची बदली होते. शिवाय रात्री शरीर साखर नीट पचवत नाही, तेच जेवण दुपारी घेतलं तर रक्तातली साखर कमी चढते, रात्री दोनला घेतलं तर जास्त. त्यामुळं रात्रपाळीवाल्याला जेवण मोजूनही आकडा दगा देतो. आणि ग्रुपात त्यालाच सुनावतात, "मनावर घ्या जरा."

हे सगळं कुठं चाललंय ते लक्षात घ्या. कोल्हापूर जिल्ह्यात! छत्रपती शाहू महाराज मूळचे इथल्याच कागलच्या घाटगे घराण्यातले. त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं, तसं मैदान आपल्याकडं हवं म्हणाले आणि १९१२मध्ये खासबाग उभं राहिलं. बदाम, तूप, म्हशीचं दूध, मटण असा पैलवानाचा खुराक. लोक पोराला तालमीत घालायचे ते अंग धरावं म्हणून. सोयरीक जुळवताना मुलगा अंगानं भरलेला आहे ना, हे बघून मगच जमिनीचा विषय निघायचा. गंगावेशीत आजही म्हैस समोर पिळून पेला हातात देतात. त्या गावची माणसं आता बदामाच्या दुधाकडं 'किती कॅलरी?' अशा नजरेनं बघतात. म्हशीनं काय समजायचं?

आणि २६ जानेवारी? १५ ऑगस्ट? या दोन दिवशी अख्खं कोल्हापूर जिलेबी खातं, चौकाचौकात कढया लागतात. झेंडावंदन झालं आणि घरी पुडा आला नाही असं होत नाही. एका ग्रुपानं या १५ ऑगस्टला ठराव केला: जिलेबी चालेल, पण फक्त एक वेढा. एक वेढा म्हणजे किती? मग जिलेबीचा फोटो, शेजारी पट्टी. मी म्हणते, स्वातंत्र्यसैनिकांनी यासाठी लाठ्या खाल्ल्या?

पण खरी गंमत वेगळीच आहे. कारखान्याची माणसं वजनालाही कारखान्याच्याच भाषेत हाकतात. पुण्या-मुंबईचे लोक हळवे होऊन 'माझा प्रवास' वगैरे लिहितात. इथं सरळ तक्ता. टार्गेट ८२, अॅक्च्युअल ८२.६, गॅप ६०० ग्रॅम, कारण, कृती, जबाबदार व्यक्ती, तारीख. आकडा वाढला की टोयोटावाल्यांनी जगाला शिकवलेली पद्धत: पाच वेळा 'का' विचारा म्हणजे मूळ कारण हाती लागतं. म्हाईच्या दुसऱ्या दिवशीचं हे विश्लेषण माझ्यापर्यंत आलं, ते जसंच्या तसं देते.

वजन का वाढलं? दोनऐवजी चार भाकरी झाल्या. चार का झाल्या? रस्सा संपेना. का संपेना? वाढणारी वाढतच होती. का वाढत होती? आपण नको म्हटलं नाही. का म्हटलं नाही? ती मेव्हण्याची बायको आहे, आणि गेल्या वर्षी नको म्हटलं होतं तेव्हा दिवाळीपर्यंत फोन नव्हता. मूळ कारण: सोयरीक. उपाययोजना: शक्य नाही.

या विश्लेषणात एकच खोट आहे आणि ती हिशेबाची. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. सहाशे ग्रॅम चरबी एका रात्रीत चढवायची तर रोजच्या जेवणावर साडेचार हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागतील. सांगावच्या म्हाईतही ते सोपं नाही. (एक-दोघांनी प्रयत्न केला असेल, नाही म्हणत नाही.) मग वाढलं काय? पाणी. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं. भाकरी-भाताची साखर यकृतात आणि स्नायूंत साठते तेव्हा प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी घेऊन बसते. दोन दिवसांत ते उतरतं. म्हणजे ज्या सहाशे ग्रॅमवरून सकाळी ग्रुपात चौकशी समिती बसली, ते बुधवारपर्यंत आपोआप गेलेले असतात आणि श्रेय मिळतं गवती चहाला. उलटही तितकंच खरं. ताप आला, जेवण गेलं, वजन दीड किलो उतरलं, तर पठ्ठ्याला ग्रुपात टाळ्या. माणूस सलाईनवर आणि खाली 'कीप इट अप'.

या भागाला काट्याचं महत्त्व काही नवं नाही म्हणा. ऊस कारखान्यावर गेला की शेतकऱ्याची नजर काट्यावर. काटामारीवरून इथं मोर्चे झाले, आंदोलनं झाली, गाडी आधी बाहेरच्या काट्यावर नेऊन वजन करायचं आणि मग आत न्यायची, असे वाद झाले. काटा आपलं वजन कमी दाखवतोय, हा या जिल्ह्यातल्या बापाचा जन्मभराचा संशय. आणि त्याच बापाचा मुलगा आज तीनशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये काटा उचलून बाथरूममधून गॅलरीत, गॅलरीतून देवघरासमोर हलवतोय. कुठल्या फरशीवर कमी दाखवतो ते बघतोय. सापडली फरशी की तिथंच खडूनं चौकोन आखून ठेवतो. म्हाताऱ्यानं बघितलं तर काय बोलेल!

या दोन गटांपलीकडं लहानसहान पक्ष आहेतच. एक शेकवाला गट आहे, पहाटे एखाद्याच्या हॉलमध्ये जमून चमच्यानं पावडर ढवळणारा. त्यांच्यात सगळे एकमेकांना कोच म्हणतात. आणि मार्च २०२५मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवायची इंजेक्शनं भारतात आल्यापासून एक गुप्त गटही झालाय. त्याचे सदस्य ओळखायची खूण सोपी आहे: वजन भराभर उतरतं, ताटातलं अर्धं उरतं आणि विचारलं की म्हणतात, "काही नाही हो, नुसतं चालतो." या गटाला ग्रुप लागत नाही, डॉक्टर लागतो आणि दर महिन्याला बऱ्यापैकी पैसे लागतात. उरलेल्यांचा त्यांच्यावर राग आहे तो यासाठीच. घाम न गाळता उतरलेलं वजन हा मंडळीला भ्रष्टाचार वाटतो.

एवढी नाकं मुरडून झाल्यावर खरं सांगायचं तर, ग्रुपाचा उपयोग होतो. जेवणाच्या नियमापेक्षा चारचौघांच्या नजरेचा जास्त होतो. हे कागलकरांनी शोधलेलं नाही. १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन निडेच नावाच्या गृहिणीला सरकारी दवाखान्यातून आहाराचा तक्ता मिळाला होता. तक्ता बरोबर होता, बाई चोरून बिस्किटं खात होती. शेवटी तिनं सहा जाड मैत्रिणींना घरी बोलावलं आणि कबूल करून टाकलं. मग दर आठवड्याला बैठक. बाईंचं वजन ९७ किलोंवरून ६४ वर आलं आणि १९६३मध्ये त्यातून 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. अमेरिकेला यासाठी कंपनी काढावी लागली. आपल्याकडं ती सोय जन्मापासून फुकट: आत्या, मामी, शेजारीण, गेटवरचा सिक्युरिटी. 'लोक काय म्हणतील' या एका भीतीनं आपण इतकी वर्षं नुसती लग्नं मोठी केली. आता त्याच भीतीनं पोटं लहान होत असतील तर होऊ देत की. २०२५च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तेल दहा टक्के कमी करा म्हटलं, मग दहा जणांची नावं जाहीर केली आणि त्या प्रत्येकानं पुढं दहा जण शोधावेत म्हणाले. ती साखळीही नजरेवरच चालते. (मिसळीचा कट दहा टक्क्यांनी कमी करण्याचा विषय मात्र कोल्हापुरात कुणी काढलेला नाही. काढूही नये.)

आणि गरज नाही असं कोण म्हणेल? आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही निघाले, आणि पोट सुटलेले शंभरात एकोणचाळीस-चाळीस. भारतीय पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८०च्या आत हवा, असं डॉक्टर सांगतात. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते आणि ती कुठल्याही फरशीवर तेवढंच दाखवते. पण टेपेचा फोटो टाकायला कुणी तयार नाही. काट्यावरच्या फोटोत फक्त पाय दिसतात, टेपेच्या फोटोत सगळंच येतं.

ग्रुपातल्या बायकांचं एक निरीक्षण नोंदवते. साहेबांचा फोटो पहाटे साडेपाचला येतो, बाईंचा सव्वादहाला. तिला शिस्त नाही म्हणून नव्हे. साडेपाचला ती साहेबांची काकडी चिरत असते. मग मुलांचा वेगळा डबा, सासऱ्यांची वेगळी भाजी, साहेबांचे मोड आलेले मूग. साहेबांचं वजन उतरलं की सत्कार साहेबांचा.

आता त्या मोटारसायकलवाल्या कामगाराकडं येते. एका कंपनीत पावलांची स्पर्धा झाली. रोज दहा हजार पावलं, महिनाभर, फोनवर मोजायची, विजेत्याला बक्षीस आणि नोटीस बोर्डावर फोटो. हा दहा हजारांचा आकडा तरी कुठून आला? टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मीटर' असं होतं. खपाला बरा पडलेला आकडा साठ वर्षं जगाला चालवतोय. २०१९मध्ये अमेरिकेत वयस्क बायकांवर झालेल्या एका अभ्यासात साडेसात हजारांच्या पुढं जास्त चालून जास्त फायदा दिसला नव्हता. पण नोटीस बोर्डावर साडेसात हजार शोभत नाहीत.

तर स्पर्धा लागली आणि ऑफिसातल्या मंडळींनी शर्थ केली. कुणी फोन बायकोच्या पर्समध्ये घालून तिला भाजीला धाडलं. कुणी बातम्या बघता बघता फोन धरलेला हात तासभर हलवत बसला. एकानं तो नातवाच्या खिशात घातला, आणि त्या दिवशीचा आकडा बघून एचआरनं त्याला फोन करून तब्येत विचारली. शेवटी एक साहेब जिंकले, फोटो लागला, केक कापला. केक!

खाली सूत खात्यात त्याच वेळी सायडर रिंग फ्रेमच्या दोन ओळींमधून तुटलेले धागे सांधत फिरत होता. पाळीभर तो तेच करतो. थांबला तर धागे तुटून पडतात. फाउंड्रीत एक जण दिवसभर कास्टिंग उचलून ट्रॉलीत टाकत होता. या दोघांची पावलं स्पर्धेत शून्य भरली. कारण उत्पादन विभागात फोन न्यायला बंदी आहे, तो गेटवरच्या लॉकरमध्ये पडलेला असतो. महिनाभर सर्वांत जास्त चाललेल्या माणसाच्या नावावर एक पाऊल नाही. पहाटे मोटारसायकल हळू करून तो कुणाकडं आणि का बघतो, ते कळलं ना आता?

तेव्हा एचआरमधल्या मंडळींना आमची हात जोडून विनंती आहे. फोनबंदी उठवू नका, ती सुरक्षेसाठी आहे आणि योग्यच आहे. पण पुढच्या स्पर्धेआधी बाजारातून पावलं मोजणारे साधे पट्टे आणा, तिसऱ्या पाळीतल्या सायडरच्या आणि ट्रॉलीवाल्याच्या कमरेला बांधा, आणि मग खुशाल निकाल वाचा. केक मात्र साहेबांनाच द्या. त्यांना लागतो.